उभ्यानं काढलेला गुडघा

२ मार्च, सोमवार

या वहीची पहिली चार पानं फाडून टाकली. ती कॉलेजची होती. चौथ्या पानावर सरांचं चित्र होतं, शेपटीसकट. ते कोणाच्या हाती लागलं असतं तर आणखी एक भांडण, आणि एक पुरेसं झालं. भर वर्गात "तुम्हाला तरी कुठं कळतंय, सर?" म्हणून बाहेर पडलो, त्याला पाच महिने झाले. परत गेलो नाही. बरोबर केलं की चूक, हे मी दर रविवारी स्वतःला विचारतो आणि दर रविवारी उत्तर बदलतं.

बाबा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. आईमार्फत बोलतात. मी समोर बसलेला असतो आणि ते म्हणतात, "त्याला सांग, पंखा बंद कर." आई म्हणते, "ऐकलंस ना?" मी म्हणतो, "त्यांना सांग, ऐकलं." आमच्या घरात आई म्हणजे टेलिफोन एक्स्चेंज.

नोकरीला तीन महिने झाले. एक्स-रे आणि एमआरआयचं केंद्र. मी काउंटरवर. चिठ्ठी घ्यायची, नाव-वय लिहायचं, नंबर द्यायचा, आणि "अजून किती वेळ?" याला हसून उत्तर द्यायचं. हसून हा भाग जमत नाही.

आजपासून नवीन काम मिळालं. केंद्र ज्यांचं आहे त्या मॅडमना कॉरिडॉरच्या भिंतीवर गुडघे लावायचे आहेत. विशीचा, तिशीचा, चाळिशीचा, असे ऐंशीपर्यंत. म्हणाल्या, "प्रत्येकाला वाटतं आपलाच गुडघा दगाबाज निघाला. बाकीच्यांचेही बघू देत." मागच्या खोलीत तीस वर्षांच्या फिल्म्स पडल्या आहेत. त्यांतून मी निवडायच्या, नाव झाकायचं, वय ठेवायचं. ज्याचा गुडघा लावायचा त्याला फोन करून विचारायचं. दिवसभर धुळीत शिंकलो, पण एकाही माणसाशी बोलावं लागलं नाही. बरा दिवस.

५ मार्च, गुरुवार

गुडघ्यांचं वेड लागायची चिन्हं आहेत. काउंटरवर रोज कोणीतरी म्हणतं, "गुडघ्यात गॅप आलाय." मॅडम आज वैतागून म्हणाल्या, "उलट आहे हो! गॅप तरुणांच्या गुडघ्यात असतो. ती फट रिकामी नाही, तिथं कूर्चा आहे, हाडांवरची मऊ गादी, एक्स-रेत दिसत नाही एवढंच. ती झिजते तशी फट मिटत जाते."

दिव्याच्या पेटीवर फिल्म्स ओळीनं लावल्या की दिसतं सगळं. विशीच्या हाडांच्या कडा नव्या साबणाच्या वडीसारख्या. पन्नाशीत कडांना बारीक टोकं फुटतात. सत्तरीत फटीखालचं हाड जास्तच पांढरं दिसतं, रोज ताण सोसून घट्ट झालेलं. पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका बाईंचा गुडघा इतका नितळ निघाला की वय मी दोनदा तपासलं. मॅडम म्हणाल्या, "वय एकटं काही करू शकत नाही. त्याला साथीदार लागतात."

आता तिच्याबद्दल. एक्स-रे काढते ती. तिचं नाव लिहायची हिंमत या वहीतही होत नाही. दिवसातून साठ वेळा ती काचेआडून म्हणते, "हलू नका." म्हणून मी तिला मनातल्या मनात हलूनका म्हणतो. तिचा आवाज आला की काउंटरवर मीही श्वास धरतो. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी तिला अहो-जाहो करतो, ती मला सरळ अरे-तुरे. म्हणजे तिच्या लेखी मी कोणीच नाही.

माझी अर्धी सुट्टी गुरुवारी असते. तिची बुधवारी होती, ती तिनं बदलून गुरुवारी घेतली. का, ते विचारायची सोय नाही. वरच्या मजल्यावरच्या त्या व्यायाम शिकवणाऱ्याला गुरुवारी वेळ असणार, दुसरं काय! त्याचे दंड बघून माझं रक्त उकळतं.

१० मार्च, मंगळवार

आज एका पिवळ्या पाकिटावर बाबांचं नाव सापडलं.

आधी वाटलं, नावासारखं नाव. पण पत्ता आमच्या जुन्या खोलीचा. वय २८, डावा गुडघा. कोपऱ्यात कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय: "सायकलवरून पडला. उभं राहता येत नाही, झोपवून काढला."

फिल्म दिव्यावर धरली. काय गुडघा! स्वच्छ फट, दोन्ही बाजूंना सारखी. हाच माणूस आता पन्नास वर्षांचा आहे, फरशी बसवतो, बावीस वर्षं रोज गुडघ्यावर रांगून लोकांची घरं सपाट करतो. आणि हा गुडघा तेव्हाचा आहे जेव्हा त्याला मी माहीतसुद्धा नव्हतो. विचित्र वाटलं. मला त्यांचं काही असं आत शिरून बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

पाकीट पिशवीत घालून घरी आणलं. नियमात बसत नाही.

११ मार्च, बुधवार

आईला फिल्म दाखवली. ती आधी हसली, मग लाजली. आई लाजताना पहिल्यांदा पाहिली.

"मला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती," ती म्हणाली. "दुपारची बस. यांना ऐन वेळी कळलं. उतारावरून सायकल सोडली, आणि ब्रेक नाही! स्टँडवर पोचले ते दोघांच्या खांद्यावर. गुडघा हा एवढा, भोपळा. वर मलाच ओरडतात, जातेस कशी?"

"मग?"

"मग काय. बस चुकली ती चुकलीच."

"एवढे तापट होते बाबा?"

आई माझ्याकडे बघत राहिली आणि पुन्हा हसायला लागली. मी गंभीरपणे विचारलं होतं.

तेवढ्यात बाबा आले. "त्याला सांग," ते म्हणाले, "दुसऱ्याच्या कचेरीतल्या वस्तू घरी आणू नयेत." पण फिल्म माझ्या हातातून घेतली, खिडकीपाशी नेली, आणि आईनं दोनदा जेवायला हाक मारली तरी तिथंच उभे होते. डावा पाय जरा सैल सोडून.

१४ मार्च, शनिवार

काय दिवस! सुरुवातीपासून लिहितो.

अकराच्या सुमाराला काउंटरवर कोणीतरी चिठ्ठी सरकवली. वर पाहिलं तर बाबा. इस्त्रीचा शर्ट, काखेत ते पिवळं पाकीट.

"नंबर द्या," ते म्हणाले. मला! द्या!

मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. म्हटलं, "नाव?"

त्यांनी पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, नवख्या माणसाला सांगावं तसं.

"वय?"

"पन्नास."

"त्रास काय?"

"जिना उतरताना," ते म्हणाले आणि रांगेत मागे वळून बघायला लागले. मला हे माहीत नव्हतं. एकाच घरात एकच जिना आम्ही दोघं उतरतो.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. मी "डावा गुडघा" एवढं वहीत उतरवलं आणि माझी जागा सोडून आत गेलो. हलूनका त्यांना स्टँडपाशी नेत होती. "काका, इथं सरळ उभे राहा, दोन्ही पायांवर सारखा भार द्या."

"नाही, झोपवून काढायचा," मी म्हणालो. "जुना झोपवून काढलाय. तुलना करायची तर दोन्ही सारखे हवेत. साधी गोष्ट आहे."

"अरे, गुडघा उभ्यानंच काढतात."

"मॅडमनी सांगितलंय तसं."

मॅडम परगावी होत्या. त्यांनी काही सांगितलं नव्हतं. पण बाबांसमोर मला कोणी शिकवायला लागलं की डोकं फिरतं.

"नक्की सांगितलंय?"

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" हे जरा जोरातच निघालं. बाहेरचे रांगेतले गप्प झाले.

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. "आहे," म्हणाली, आणि बाबांना टेबलावर झोपायला सांगितलं. मग काचेआडून, "काका, हलू नका." बाबा असे काही स्तब्ध झाले की मलाच भीती वाटली.

दोन्ही फिल्म्स दिव्यावर शेजारी लावल्या. बावीस वर्षांचं अंतर. कडांना थोडी टोकं आलीत, पण फट जवळपास तेवढीच! मी छातीठोकपणे सांगितलं, "बाबा, तुमचा गुडघा अठ्ठावीस वर्षांचा आहे. दुखतंय ते स्नायूचं असेल."

बाबा म्हणाले, "तू म्हणतोस तर असेल."

मला. सरळ मला. मध्ये आई नाही, कोणी नाही.

घरी येताना बरोबर आलो. फार बोललो नाही. त्यांनी मला रस्त्यातल्या एका इमारतीच्या पायऱ्या दाखवल्या. "या मी बसवल्या," म्हणाले. रोज त्यावरून जातो मी.

१५ मार्च, रविवार

बाबांनी शाळेच्या सभागृहाची फरशी बसवायचं काम घेतलं. महिनाभर नाही म्हणत होते म्हणे. आज हो म्हणाले. सोबतीच्या गवंड्याला माझ्यादेखत सांगितलं, "गुडघ्याचं काही नाही. माझ्या मुलानं तपासलंय."

आईला आज सुट्टी. एक्स्चेंज बंद.

फार सुखाचा दिवस गेला. कॉलेज सोडलं ते बरोबर केलं.

१६ मार्च, सोमवार

चूक केलं. सगळंच चूक केलं.

मॅडमनी सकाळी बाबांची फिल्म पाहिली, चिठ्ठी पाहिली, पुन्हा फिल्म पाहिली. चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं होतं, "डावा गुडघा, उभ्यानं." मी वाचलंच नव्हतं.

"हा झोपवून कोणी काढला?" त्यांनी विचारलं.

हलूनका म्हणाली, "मी."

"का?"

ती गप्प. माझं नाव घेतलं नाही. मी दारातच होतो. कानशिलं तापली, आणि या वेळी राग माझा मलाच आला होता. म्हणालो, "मॅडम, मी सांगितलं. तुमचं नाव घेऊन सांगितलं. खोटं बोललो."

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची सरकवली आणि मला बसवलं. टेबलावरचा भांडी घासायचा नवा स्पंज उचलला (त्यांच्याकडे असल्या वस्तू असतात) आणि दोन डब्यांच्या मध्ये ठेवला. "हा झोपलेला माणूस. फट दिसते?" दिसली. मग वरचा डबा दाबला. "हा उभा राहिला. आता?" स्पंज चेपून पापड झाला. "झोपलेल्या माणसाच्या गुडघ्यावर भारच नसतो रे. झिजलेली कूर्चासुद्धा तेव्हा ऐटीत दिसते. गुडघ्याचं खरं वय उभं राहिल्यावर कळतं. बावीस वर्षांपूर्वी त्यांना उभं राहता येत नव्हतं म्हणून झोपवलं. ती अडचण होती. तू तिचा नियम केलास."

"मग बाबांचा गुडघा?"

"मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. बोलाव त्यांना. आणि तोपर्यंत गुडघ्यावर बसू देऊ नकोस."

ते आज सकाळपासून गुडघ्यावर बसले आहेत. माझ्या शब्दावर.

हलूनकाला म्हटलं, "सॉरी. तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत?" ती म्हणाली, "तू सांगशील हे माहीत होतं." म्हणजे मला जोखत होती.

१७ मार्च, मंगळवार

सांगितलं नाही. घरी आलो तेव्हा बाबा आईला नाही, मला म्हणाले, "हात धुऊन ये, गरम आहे तोवर जेव." तोंडात शब्द होता तो घासाबरोबर गिळला. सांगितलं की पुन्हा "त्याला सांग" सुरू होणार. पाच महिने काढलेत मी तसे.

जेवून उठताना बाबांनी टेबलाची कड धरली. मी पाहिलं. मी भित्रा आहे.

१८ मार्च, बुधवार

आज दुपारच्या सुट्टीत सभागृहात गेलो.

मोठं रिकामं सभागृह, खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या, बाबा मधोमध ओणवे. दोरी ताणलेली, बाजूला सिमेंटचा ओला मसाला, हातात रबरी हातोडा. फरशी बसवली की ते हातोड्याच्या दांड्यानं ठिकठिकाणी वाजवतात आणि कान देतात. खाली कुठं पोकळ राहिलं असेल तर आवाज बदलतो. मॅडम किरणांनी आतलं बघतात, बाबा कानांनी.

मी तिथंच उभं राहून सगळं सांगितलं. चिठ्ठी, खोटं, स्पंज, सगळं. एका दमात. शेवटी म्हणालो, "तुमचा गुडघा अठ्ठावीसचा नाही. बहुतेक नाही. मला काही कळत नव्हतं आणि मी कळतंय असं बोललो."

बाबांनी आणखी एक फरशी वाजवली. मग म्हणाले, "गुडघा कोणाचा आहे?"

"तुमचा."

"मग मला माहीत नसेल होय? दोन वर्षं झाली, जिना उतरताना मी आतल्या आत शिव्या मोजतो."

"मग हे काम का घेतलंत?"

"पाच महिन्यांनी तू घरी काहीतरी चांगली बातमी आणलीस. ती काय परत करायची?"

ते हात पुढे करून म्हणाले, "बघत काय राहिलास? उठव. इथपर्यंत बसता येतं, उठताना पंचाईत होते."

मी त्यांना उठवलं. जड आहेत बाबा. मग ते माझा खांदा धरून थोडा वेळ तसेच उभे राहिले, आणि म्हणाले, "कॉलेजातल्या त्या सरांनाही असंच जाऊन सांगितलं असतंस तर?"

"ते सर खरंच चुकीचं शिकवत होते, बाबा."

"असेल," ते म्हणाले. "शेपूट मात्र बरी काढली होतीस." म्हणजे फाडलेली पानं त्यांनी टोपलीतून काढून पाहिली होती!

१९ मार्च, गुरुवार

उभ्यानं काढला. काउंटरवर मी चिठ्ठी तीनदा वाचली.

आतल्या बाजूची फट जेमतेम सुतळीएवढी राहिलीय. बाहेरची बाजू अजून बरी आहे. तोच गुडघा, पाच दिवसांपूर्वी ऐटीत होता. मॅडमनी बाबांना सगळं दाखवलं. "ऑपरेशन आज नको. मांडीचा स्नायू मजबूत करा, वजन थोडं उतरवा. रांगायचं मात्र आता बंद."

बाबा म्हणाले, "म्हातारा झाला म्हणायचा."

"म्हातारा नाही हो. वापरलेला आहे."

हे बाबांना आवडलं. घरी आईला तीनदा सांगितलं.

व्यायाम वरच्या मजल्यावरच्या त्या दंडवाल्याकडे शिकायचे आहेत. बाबा म्हणाले भला माणूस आहे, बायकोचा आणि जुळ्या मुलींचा फोटो दाखवला. बायको! मग गुरुवारचं काय? काही मेळ लागत नाही.

दुपारी निघताना हलूनका म्हणाली, "आज तुलाही सुट्टी, मलाही सुट्टी."

मी म्हणालो, "हो ना. मी सभागृहात चाललोय. मसाला कालवायचाय, काम अर्धं पडलंय."

ती म्हणाली, "चल, मीही येते." तिला फरशीकामात एवढा रस असेल असं वाटलं नव्हतं.

२२ मार्च, रविवार

सकाळपासून सभागृहात. ठरलं ते असं: बाबा उंच स्टुलावर, मी खाली. सोबतीचा गवंडी कापायचं काम करतो. बाबांनी त्यांच्या गुडघ्याला बांधायच्या जाड गाद्या मला दिल्या. बावीस वर्षं त्यांनी या स्वतः क्वचितच बांधल्या, कारण "कोणी बघितलं तर काय म्हणेल." मला मात्र पट्टे स्वतः वाकून आवळून दिले.

पहिल्या सहा फरश्यांतल्या चार उचलायला लावल्या.

"पोकळ वाजतेय."

"मला नाही ऐकू येत."

"कान आहेत की कपाटाच्या कड्या? पुन्हा वाजव."

मी चिडलो, हातोडा टाकला, बाहेर जाऊन पाणी प्यायलो, परत आलो. बाबा स्टुलावर तसेच बसून होते. "आलास?" एवढंच म्हणाले. दहाव्या फरशीला मला आवाज कळला. खरंच कळला! भरीव आवाज बुटका असतो, पोकळ लांब जातो.

हलूनका डबा घेऊन आली होती. चार माणसांचा आणला होता, चुकून जास्त झाला म्हणाली. बाबांनी तिला शेजारी बसवून मी लहानपणी कोणाकोणाशी भांडलो त्याची यादी सांगितली. ती हसत होती. मी पाठ करून काम केलं.

जाताना तिनं एक कागद दिला. एक्स-रेच्या तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम, ती जिथं शिकली तिथला प्रवेशअर्ज. सोबत तिच्या जुन्या वह्या, खुणा केलेल्या. माझी ब्याद काउंटरवरून टळावी असं तिला वाटत असणार. पण अर्ज चांगला आहे. बघू.

४ एप्रिल, शनिवार

गुडघ्यांची भिंत आज पुरी झाली. विशीचाच गुडघा राहिला होता. जुन्या फिल्म्समध्ये विशीतले बहुतेक आपटलेले-फुटलेले, आणि जे धड होते त्यांचे जुने फोन लागेनात. मॅडम म्हणाल्या, "तुझाच घेऊ. पण विनाकारण किरणं नकोत. एमआरआय करू."

म्हणून परवा मी त्या नळकांड्यात झोपलो. वीस मिनिटं. कानात ठकठक, आणि मला कधी एका जागी वीस मिनिटं शांत राहिलेलं कोणी पाहिलेलं नाही. माझी चुळबुळ सुरू झाली तेवढ्यात स्पीकरवर तिचा आवाज आला. "हलू नकोस." साठ लोकांना दिवसाला ती जे म्हणते, ते हे नव्हे. मी हललो नाही. श्वाससुद्धा बेताचा घेतला. बाहेर आलो तेव्हा ती म्हणाली, "इतका वेळ गप्प राहता येतं तर तुला." मी म्हणालो, "तू सांगितलंस म्हणून." तू कसं निघालं तोंडातून देव जाणे. तिनं ऐकलं नसावं, कारण काही न बोलता बराच वेळ कपाट आवरत होती.

आज संध्याकाळी बाबा काम आटोपून भिंत बघायला आले. सभागृह पुरं झालंय. गेल्या रविवारी त्यांनी पायातल्या चपला काढून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालून पाहिलं आणि माझी एकही फरशी उचलायला लावली नाही.

मॅडमनी त्यांना विचारलं, "तुमचे लावले तर चालेल ना?" बाबा म्हणाले, "लावा. नाव नको, वय लिहा." म्हणून त्यांचे तीन लावलेत. वय २८, झोपवून. वय ५०, झोपवून. वय ५०, उभ्यानं. खाली मॅडमनी मला मोठ्या अक्षरांत लिहायला लावलंय: "तपासताना उभे राहा." रांगेतली माणसं तिथंच थांबतात, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर बोट नेतात, आणि मग आपापल्या गुडघ्याला हात लावतात.

माझा सगळ्यात पहिला. एमआरआयमध्ये कूर्चा दिसते, हाडांवर साय धरावी तशी. वाढ संपते तिथं हाडात एक पुसट रेघ राहते, तीही दिसते.

बाबा माझ्या गुडघ्यासमोर उभे राहिले. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, तिनं सांगितलं होतं तसे. बराच वेळ.

"ही रेघ कसली?"

"वाढ पूर्ण झाल्याची."

"असं होय." ते आणखी थोडं वाकून बघायला लागले. मला वाटलं आता एखादा टोला येणार. पण त्यांनी दाराबाहेरच्या पायऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"चांगला आहे," ते म्हणाले. "कामाला लाव. चल, तीन पायऱ्या आहेत. तू पुढं हो, मी धरतो."

अर्ज भरायची मुदत मंगळवारी संपते. आईला पेन कुठाय विचारलं, तर बाबांनीच खिशातलं काढून दिलं.